बत्तीस एमबीतलं बिऱ्हाड

मी फोनवर बोलायला लागले की पलीकडचा माणूस फोन कानापासून हातभर लांब धरतो. शाळेतल्या माझ्या मुली म्हणतात, मॅडमना माईक लागत नाही, माईकलाच मॅडम लागतात. याला जबाबदार चौदा टायपरायटर आहेत. बाभुळगावात आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचा टायपिंग क्लास, मधे एक विटेची भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे आमचा स्वयंपाक, अभ्यास, आजारपणं, पाहुणे, भांडणं, सगळं. सकाळी सातला त्या चौदा मशिनी एकदम सुरू झाल्या की फळीवरची भांडी हळूहळू कडेला सरकायची आणि आई दर अर्ध्या तासाने उठून ती परत मागे लोटायची. आमच्याकडे दही सातच्या आत लागलं तर लागलं, नाहीतर आपोआप ताक व्हायचं. हे मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं असेल. त्यातल्या तिघांनी विश्वास ठेवला, आणि ते तिघंही आमच्या क्लासात शिकलेले होते.

बाबांना सगळं गाव मास्तर म्हणे. त्यांची बोटं म्हणजे काय सांगू! एकदा टाइप करताना त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर गांधीलमाशी येऊन बसली, तर त्यांनी पान पूर्ण केलं, कागद काढला, सरळ केला, सही ठोकली आणि मगच माशीकडे पाहिलं. तोवर ती कंटाळून निघून गेली होती. बटणाकडे पाहून टाइप करणारा माणूस त्यांच्या लेखी अंघोळ न करता जेवायला बसणारा माणूस. नव्या पोरांच्या हातांवर ते टॉवेल पांघरत आणि म्हणत, "डोळे कागदावर. बोटायले घर माहीत असते." आईने आयुष्यात कधी टायपरायटरला हात लावला नाही, पण वीस वर्षं ती त्याच तालावर भाकरी थापत होती. भिंतीपलीकडे कोण चुकतंय हे तिला तव्यावरची भाकर न हलवता कळायचं. "तिसऱ्या मशीनवरची पोरगी एस सोडून राह्यली," असं ती इकडून ओरडायची, आणि तिकडे ती पोरगी खरोखरच एस सोडत असायची. आणि अशा या घरातली मी एकुलती एक मुलगी, तीस शब्दांच्या परीक्षेत तीनदा नापास. कोंबडी दाणे टिपते तशी मी दोन बोटांनी टाइप करायची, तेही बटणांकडे डोळे फाडून. तिसऱ्या निकालानंतर बाबांनी मला क्लासातल्या मशिनींना हात लावायची बंदी केली. ते रागावले नव्हते. लोक येतात-जातात, पाहतात, एवढंच म्हणाले. त्याचंच जास्त लागलं.

मग एके दिवशी वरून पत्र आलं. यापुढे टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर होणार, तरी संस्थेत किमान पाच चालू कॉम्प्युटर असावेत, येत्या महिन्यातल्या अमुक शनिवारी तपासणीस येतील, कॉम्प्युटर चालू नसल्यास मान्यता रद्द समजावी. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं. त्या दिवशी त्यांना दिवसभर चष्मा सापडला नाही. मान्यता गेली म्हणजे आमच्या क्लासातून परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे पोरं यष्टी पकडून यवतमाळला जाणार, म्हणजे पुढच्या खोलीत उरणार चौदा लोखंडी मशिनी आणि बाबा. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं तहसीलपासून कोर्टापर्यंत खुर्च्या धरून बसलेली होती. त्या माणसाला आता एक पत्र विचारत होतं की तुमचा क्लास क्लास आहे का.

यवतमाळच्या एका कॉलेजात जुने कॉम्प्युटर मोडीत निघत होते. बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शब्दावर त्यातले सहा आमच्याकडे आले, तेही कापसाच्या मेटॅडोरमध्ये, कापसाच्या गाठींच्या मधोमध बसून. रस्ता असा की कॉम्प्युटर उतरवले तेव्हा कोणाचा पडदा कोणाचा ते कळेना. मी एका डब्याची बाजू उघडली तर आतून रुई निघायला लागली. काढते तर निघतेच आहे, काढते तर निघतेच आहे. आईने सहा डब्यांतल्या रुईच्या दोन उशा भरल्या, त्यातली एक अजून माझ्याकडे आहे. बरं, दीड उशी म्हणा.

पाहायला यवतमाळहून खालिदभाई आले. बाबांचे मित्र, रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांचे डॉक्टर आणि अलीकडे कॉम्प्युटरचेही. त्यांनी एकेक मशीन चालू केली, कान लावला, मान हलवली, आणि सहावी पाहून झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर खिशाला लावत म्हणाले, "मास्तर, इसमें राम नहीं है." बाबा म्हणाले, ते तर मले दिसूनच राह्यलं. तेव्हा खालिदभाईंनी समजावून सांगितलं की तो राम नाही, रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी. ती इथं बत्तीस एमबी आहे. नवी सिस्टिम असल्या मशीनकडे ढुंकूनही पाहणार नाही, आणि या जातीची मेमरी आता बाजारात मिळत नाही. जुनी सिस्टिम कॉलेजने पुसून टाकलेली, म्हणजे डबे रिकामे. बत्तीस एमबी म्हणजे किती, ते आजच्या लोकांना कसं सांगू? आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार येतो ना, तसे आठ-दहा आले की भरलं घर. खालिदभाई आईच्या हातची सोल्यांची भाजी दोनदा मागून जेवले, तुरीचे हिरवे सोले तेव्हा नुकते सुरू झाले होते, आणि जाताना म्हणाले, वहिनी, ऐसी सब्जी खाके झूठ नहीं बोल सकता, ये डब्बे नहीं चलेंगे.

बाबांनी सहाही डबे परत भिंतीला लावून ठेवले. मला मात्र ते "नहीं चलेंगे" अंगाला खाजकुयली लागावी तसं लागलं. दुसऱ्या दिवशी मी यवतमाळला गेले. स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानात कॉम्प्युटरचं एक मासिक होतं, त्याला सीडी चिकटवलेली. सीडीवर लिनक्स होतं, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेली आणि कोणीही फुकट वापरावी अशी सिस्टिम. आत एक पान होतं: जुन्या, कमी मेमरीच्या मशीनवर ती कशी बसवावी. परतीच्या यष्टीत ते पान मी इतक्या वेळा वाचलं की शेजारच्या बाईने विचारलं, पोरी, कोणाचं पत्र आहे? त्यात लिहिलं होतं की मेमरी अपुरी असेल तर सिस्टिम बसता बसताच अर्ध्यात दम सोडते. म्हणून आधी हार्डडिस्कचा एक तुकडा वेगळा काढायचा आणि मशीनला सांगायचं, ही पण तुझी मेमरीच समज. हळू चालेल, पण चालेल. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्यात काय आहे, ओट्यावर जागा नसली की मी परात खाली जमिनीवर ठेवते. उठबस होते, कंबर दुखते, पण सैपाक तर होते ना. आजही शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला हा धडा आला की मी हेच सांगते. पुस्तकात दोन पानं घालवली आहेत.

बाबा तयार झाले, पण एका अटीवर: मी वाचायचं, त्यांनी टाइप करायचं. त्यांच्या क्लासात, त्यांच्या पोरांसमोर, पहिल्यांदा कीबोर्डवर दोन बोटं चालणार नव्हती. मला ते पटलं. मीही त्याच घरात वाढले होते.

त्या हिवाळ्यात लाइट सकाळी दहाला यायची आणि दुपारी चारला जायची. ते सहा तास आमचे. तपासणी शनिवारी होती, आम्ही सोमवारी बसलो. आधी तो वेगळा तुकडा वगैरे न करता सरळ बसवून पाहिलं, म्हटलं कदाचित जमेल, आणि पानात लिहिल्याप्रमाणे मशीन अर्ध्यात गोठली. मग पानाप्रमाणे गेलो. तुकडा पाडणं बाणांच्या बटणांनी झालं. किती मोठा, ते आकड्यात विचारलं, बाबांनी दोनशे छप्पन मारलं. ते बिनबोभाट झालं. पुढे दोन ओळी टाइप करायच्या होत्या. एका ओळीने तुकडा तयार होणार, दुसरीने तो कामाला लागणार. दोन्हींच्या शेवटी तुकड्याचं नाव: एच, डी, ए आणि एक. मी मोठ्याने वाचलं, बाबांनी पडद्याकडे ताठ पाहत एका दमात टाइप केलं, एंटर मारला. मशीनने इंग्रजीत उत्तर दिलं. बाबांनी चष्मा नीट करून त्याचं भाषांतर केलं, "म्हणते, या नावाचं इथं कोणी राहत नाही."

पुन्हा केलं. तेच उत्तर. मशीन बदलली. तेच. तुकडा मोडून परत पाडला. तेच. मंगळवारी सहाही मशिनी झाल्या आणि सहाही जणींनी तेच सांगितलं. इतका एकोपा मी कुठल्या सासरी पाहिला नाही. मी पानातलं एकेक अक्षर बोट ठेवून तपासत होते आणि पडद्यावरच्या अक्षरांशी जुळवत होते. हुबेहूब जुळत होतं. बाबांना वाटलं माझं वाचणं चुकतं, मला वाटलं हार्डडिस्क गेल्या, आईला वाटलं मेटॅडोर हळू चालवायला पाहिजे होता. पण कोणी उठलं नाही. बाबांनी तर तो धडाच केला. एकच ओळ, चाळीस वेळा, टायपिंगच्या पहिल्या धड्यासारखी, तालात, न चुकता. बुधवारी पोरांनी दारातून डोकावणं सोडून दिलं. कोणीतरी म्हणालं म्हणे, मास्तर मशीनची समजूत घालून राह्यले. चार वाजता लाइट गेली की बाबा तसेच काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे आणि आई त्यांच्यासमोर चहा ठेवून जायची. त्यांनी तीन दिवसांत दाढी केली नव्हती. दाढी न करता क्लासात बसलेले बाबा मी आधी कधी पाहिले नव्हते.

गुरुवारी अकराच्या सुमाराला आई पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. ते जुने कीबोर्ड टायपरायटरइतकेच भांडकुदळ होते, एकेक बटण खटकन् वाजायचं. आई थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. आता काही लोक म्हणतात की तिने ऐकलं नाही, बाबांचं बोट पाहिलं. आई आजपर्यंत ऐकलं असंच सांगते, आणि मी आईच्या बाजूने आहे.

"अवो," ती म्हणाली, "शेवटी एल काहून मारता?"

बाबांनी मान वळवली नाही. "एल नाई तो. एक आहे."

"मले तर एल ऐकू येते."

"अवं, एल म्हंजेच एक," बाबा चिडून म्हणाले. "वीस वर्सं झाले पोट्ट्यायले तेच शिकवून राह्यलो."

आणि ते थांबले. मीही थांबले.

टायपिंग न शिकलेल्यांसाठी सांगते. आमच्या इंग्रजी टायपरायटरवर एकाचं बटणच नव्हतं. आकडे दोनपासून सुरू. एक लागला की लहान एल मारायचा, कागदावर दोघं जुळे दिसतात, कोणाचं काही अडत नाही. बाबांनी आयुष्यभर एल मारून एक छापला होता. तारखा, सालं, शेकडा, हजार, सगळे एल. मी "वन" म्हणाले की त्यांचं उजव्या हाताचं तिसरं बोट डोक्याला न विचारता जाऊन यायचं. आणि मशीन बिचारी खरं बोलत होती. एच डी ए एल नावाचं तिथं कोणी राहत नव्हतं. पडद्यावर एल आणि एक इतके सारखे दिसत होते की चार दिवस मी बोट ठेवून ठेवून एलला एक म्हणत होते. मी, जी त्याच क्लासात तीनदा नापास झाले, आणि जिला तीन परीक्षांनी दुसरं काही नाही तरी एवढं नक्की शिकवलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, याच्यावर एक वेगळा आहे. वरच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात."

बाबांनी कीबोर्डकडे पाहिलं. "हा कधीपासून आहे?"

त्यांनी ओळ परत टाइप केली. एच, डी, ए, आणि उजवं तिसरं बोट गेलं एलवर. त्यांनी खोडलं. परत केलं, परत एल. तिसऱ्यांदा त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला, तर डाव्या हाताला काही सुचेना, तो हवेत नुसता उभा. पन्नाशीचा माणूस, ज्याच्या नाकावर गांधीलमाशी बसली तरी ओळ चुकली नाही, तो एका अक्षरापाशी अडला होता आणि मला कुठे पाहावं कळत नव्हतं. मग ते खुर्चीवरून उठले. "बस," म्हणाले. मी तशीच उभी. "बस म्हणलं ना. मी वाचतो."

मी बसले आणि कोंबडीसारखी, एका बोटाने, बटणाकडे डोळे फाडून ती ओळ टिपली. मशीनने यावेळी नाही म्हटलं नाही, आकड्यांची एक ओळ दिली. दुसरी ओळ टिपली. काहीच उत्तर नाही, नुसती रिकामी जागा, आणि पानात लिहिलं होतं की काही न बोलणं म्हणजे होकार. आई म्हणाली, आपल्याकडेही तसंच असते. मग सीडी फिरायला लागली आणि आम्ही तिघं टक्के मोजत बसलो. जिथे सोमवारी मशीन गोठली होती ती जागा आली, हार्डडिस्क कुरकुर करायला लागली, सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज, थांबते की काय, थांबते की काय, आणि रांगत रांगत पुढे गेली. पहिली मशीन उभी राहायला दीड तास लागला. सीडी एकच, त्यामुळे पंगत एकामागून एक. गुरुवारी तीन झाल्या आणि तिसरी पूर्ण होऊन लाइट जाण्यात फक्त मी एकदा शिंकण्याइतका वेळ होता. शुक्रवारी दोन झाल्या. सहावीने शेवटपर्यंत ऐकलं नाही, तिला आम्ही टॉवेल पांघरून कोपऱ्यात बसवलं. दोन्ही दिवस बाबा वाचत होते, एकेक अक्षर, नव्या पोराला सांगावं तसं, आणि "एक" आला की थांबून म्हणत होते, "वरचा. डावा."

शनिवारी तपासणीस आले. बारीक, सभ्य माणूस, हातात फाइल, डोळ्यांत परतीची यष्टी. पाचही मशिनी एकदम चालू केल्या. अपुरी मेमरी, त्यामुळे पडदा यायला साताठ मिनिटं, आणि तेवढा वेळ खोलीत पाच हार्डडिस्कचं पाखडणं आणि तपासणीसांचं घड्याळ पाहणं. त्यांनी विचारलं, बंद पडल्या का? आईने चहाबरोबर तीळ लावलेली भाकर आणि सोल्यांची भाजी पुढे केली, त्यामुळे पुढची पाच मिनिटं त्यांना काही विचारता आलं नाही. मग एकेक पडदा उजळला. त्यांनी प्रत्येक मशीनवर एक ओळ टाइप करून पाहिली, मान डोलावली, फाइल उघडली आणि रकाने भरत गेले. एका रकान्यापाशी पेन थांबलं. कॉम्प्युटर शिकवणाऱ्याचं नाव. ते बाबांचं नाव लिहायला लागले तसा बाबांनी हात पुढे केला.

"माहं नको," ते म्हणाले. "नंदाचं लिहा. माही मुलगी."

तपासणीसांनी माझ्याकडे पाहिलं. टायपिंगची परीक्षा झाली असेलच, म्हणाले. बाबा खोटं बोलत नसत आणि आजही बोलणार नव्हते, हे मला माहीत होतं.

"टायपिंगमधी नापास आहे. तीनदा," बाबा म्हणाले. "पण या पाच मशिनी तिनं उभ्या केल्या. माह्यानं चार दिवसांत एक झाली नाई. म्या शिकवलं तर पोट्टे चुकीचं शिकतीन."

तपासणीसांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, परीक्षा पास होईपर्यंत तात्पुरतं लिहितो, आणि माझं नाव लिहिलं. चौथ्यांदा मी पास झाले, काठावर, पण तो तात्पुरता शब्द त्या रकान्यातून कोणी कधी काढलाच नाही. आज माझं वय बाबांच्या त्या वेळच्या वयाला आलं आहे, आणि अजून नोकरीच्या कागदावर सही करताना मला ती पेनची अडलेली निब दिसते.

सोमवारी सातची बॅच लाइटसाठी दहाला घेतली आणि मी उभी राहिले. चौदा मशिनींचा आवाज नाही, त्यामुळे माझा आवाज पार ग्रामपंचायतीपर्यंत गेला म्हणतात. पाच मशिनी, पाच विद्यार्थी. चार पोरं होती आणि शेवटच्या मशीनवर, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ ठेवून बाबा. मी डावी करंगळी वर नेऊन एकावर कशी ठेवायची ते सांगितलं आणि टाळी वाजवून ताल धरला. तिसऱ्या टाळीला शेवटच्या मशीनवरून हात वर झाला.

"मॅडम," बाबा म्हणाले, "जरा हळू घ्या. माही करंगळी पन्नास वर्साची आहे."